पिनेवरचा लाल ठिपका

मंगरूळपीर,
१६ नोव्हेंबर १९७५

ताई,

जय भीम. एवढा तरी घे, मग पत्र चुलीत घालायचं तर खुशाल घाल. साडेतीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि तू मला घराच्या दारात उभं केलं नाहीस. मालेगाव इथून एसटीने दीड-दोन तासांचं, पण आपण दोघं भावंडं असे राहिलो की जणू एक कलकत्त्याला आणि एक कराचीला.

परवा तुमच्या गायन पार्टीच्या लिलाबाई दुकानात आल्या होत्या. ट्रान्झिस्टर दुरुस्तीला आणला होता. त्यात फक्त सेल उलटे घातलेले, म्हणजे दुरुस्ती हे निमित्त, हे मी ओळखलं. बसल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "इंद्रभान, तुही बहीन आता गातच नाही रे. भाऊजी गेल्यापासून एक कडवं नाही. अन् घरात लाइटचं बटन बी दाबत नाही. सासूले हाक मारते, दिवा लावा म्हनते. सत्तर सालाची म्हातारी काठी टेकत येते अन् बटन दाबते. काहून असं?"

काहून असं, ते मी काय सांगणार? विजेची दहशत बसली असेल, म्हणालो. बसणारच. डोळ्यांदेखत नवरा बेंजो वाजवता वाजवता गेला, तर कुणालाही बसेल.

ताई, त्या बुद्धपौर्णिमेचं मला काही उकरायचं नाही. जे झालं ते मी पंचांसमोर सांगितलं आहे. बेंजोच्या आवाजाच्या सेटची पिन बोर्डात उलटी लागली. शेषरावभाऊजी हाताने सोनं होते, पण घाईचे होते, हे तूही नाकारणार नाहीस. मी पिनेवर लाल ठिपका काढून दिला होता आणि दहादा बजावलं होतं, ठिपका वर. याहून जास्त माणूस काय करतो? तू या वाक्यासाठी माझं तोंड पाहत नाहीस हे मला माहीत आहे. मेलेल्या माणसावर घातलं, असं तू तेव्हा म्हणाली होतीस. तू ते रागात म्हणाली होतीस, असं मी धरून चालतो.

मुद्दा वेगळा आहे. येत्या भीमजयंतीला मालेगावात चार पार्ट्या एकाच मांडवात गाणार आहेत. आवाजाचं काम मंडळाने मला विचारलं आहे. मी एक असा डबा बनवायला घेतला आहे की गाणाऱ्याचा आणि विजेच्या लाइनचा संबंधच उरणार नाही. एक तारसुद्धा नाही. तो झाला तर तू गाशील का, एवढंच विचारायला हे पत्र. मला तुझं गाणं ऐकायचं आहे. दुसरं काही नाही.

उत्तर दे. चौथीपर्यंत तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे गुरुजी मला ऐकवून ऐकवून मारायचे.

तुझा,
इंद्रभान


मंगरूळपीर,
४ जानेवारी १९७६

ताई,

उत्तर आलं नाही. बरं. मी डब्याबद्दल लिहितो, तू वाचून सोडून दे.

बाजाराच्या मागे टुरिंग टॉकीज उतरली होती. तिचा ऑपरेटर बाबूसिंग मला बोलवायला आला, कारण पिक्चरमधली माणसं तोंड हलवत होती आणि आवाज गायब. मी मशीन उघडून बसलो. फिल्मच्या कडेला एक बारीक नागमोडी पट्टी असते, तोच आवाज. पट्टीच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारी एक काचेची नळी. पट्टी पुढे सरकते तसा उजेड कमीजास्त होतो आणि नळी त्याचा आवाज करते. फिल्म आणि भोंगा यांच्यात एकही तार नाही. मध्ये फक्त उजेड. मी पंधरा वर्षं रेडिओ उघडतोय आणि हे मी शिकलेलो होतो, पण त्या दुपारी पहिल्यांदा त्याचा अर्थ लागला. हे मला बहात्तर साली का सुचलं नाही, ताई?

आता ऐक. बेंजोच्या तारांखालच्या कॉइलमधून जो बारीक आवाज येतो, तो टॉर्चच्या चार सेलांवर मोठा करायचा. त्याने एक दिवा कमीजास्त करायचा. दिव्यासमोर उजेड ओळखणारं काहीतरी ठेवायचं आणि तिथून पुढे लाइनवरचा अॅम्प्लिफायर. वाजवणाऱ्याच्या अंगाशी फक्त टॉर्चचे सेल. सेलाने मुंगीही मरत नाही.

उजेड ओळखणाऱ्या नळ्या इथे कुठून मिळणार? पण जुन्या रेडिओतले काचेचे ट्रान्झिस्टर असतात ना, काळा रंग दिलेले, त्यांचा रंग ब्लेडने खरवडला की त्यांना उजेड कळायला लागतो. तो रंग त्यासाठीच दिलेला असतो, त्यांना दिसू नये म्हणून. मी सहा खरवडले. दोन फुटले, तीन आंधळेच निघाले, एक चालला.

दिव्याने मात्र दगा दिला. टॉर्चचा बल्ब लावला तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. बल्बची तार तापायला आणि थंड व्हायला वेळ घेते, तेवढ्यात सूर निघून गेलेला असतो. ढोलकीची थाप जाते, गळा जात नाही. मुंबईला एका दुकानात लाल रंगाचे हरभऱ्याच्या डाळीएवढे नवे दिवे आले आहेत, त्यांच्यात तापायला तारच नसते. पार्सल मागवलं आहे.

एक गोष्ट मात्र तुला सांगायला हवी, नाहीतर डबा कशासाठी हे तुला कळणार नाही. भाऊजींना मी जो सेट करून दिला होता त्यात ट्रान्सफॉर्मर नव्हता. ट्रान्सफॉर्मर अकोल्याहून आणायचा होता, पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. मी जुन्या रेडिओचं पोट वापरलं. त्याचा पत्र्याचा सांगाडा लाइनच्या एका तारेला थेट जोडलेला असतो. पिन एका बाजूने लावली तर सांगाडा थंड, दुसऱ्या बाजूने लावली तर त्यात जिवंत करंट. ठिपका त्यासाठी होता. तुम्हाला दोघांना मी एवढंच सांगितलं होतं की ठिपका वर ठेवला की आवाज चांगला येतो.

भिववायचं कशाला, असा विचार केला होता. आता लिहिताना तो विचार मला फार चांगला वाटत नाही.

इंद्रभान


मंगरूळपीर,
२२ फेब्रुवारी १९७६

ताई,

लाल दिवे आले, आणि खरवडून आणखी तीन ट्रान्झिस्टर चालते निघाले. शाईपेनाच्या जुन्या नळीत एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला खरवडलेला ट्रान्झिस्टर, मध्ये अर्धा इंच मोकळी हवा. बाहेरचा उजेड शिरू नये म्हणून डांबर. पहिल्यांदा लावलं आणि बेंजोची तार छेडली, तर भोंग्यातून सूर असा आला की समोरचा पानवाला पान सोडून बघायला लागला.

डब्याला मी दोन खोबण्या केल्या आहेत. एकीवर रंगाने "आत" लिहिलं आहे, दुसरीवर "पुढे". चार पार्ट्यांचे चार अॅम्प्लिफायर, म्हणून डबेही चार. आजवर आपण काय करायचो, एकातून दुसऱ्यात तार ओढायचो आणि एकाची घरघर चौघांच्या गळ्यात. आता प्रत्येक डब्यात आवाज आला की तो आधी उजेड ओलांडतो, आणि ओलांडल्यावर लगेच, कुणी त्यात बोट घालायच्या आधी, "पुढे"च्या खोबणीतून पुढच्या डब्याला जातो. मधल्या माणसाने आपलं काही मिसळायचं नाही. जे आलं तेच पुढे द्यायचं. लिहायला सोपं आहे, जुळवायला मला तीन आठवडे लागले. पंचांसमोर तर मला ते जमलंच नव्हतं.

हे वाक्य लिहून मी दोन दिवस पत्र तसंच ठेवलं होतं. आता पुढचं लिहितो.

परवा दुपारी दुकानाचं दार लावून मी तो जुना सेट बाहेर काढला. हो, तोच. मोडला नव्हता, पोत्यात बांधून ठेवला होता. जमिनीवर तरट अंथरलं, त्यावर तांब्याभर पाणी ओतलं, जसं त्या दिवशी धूळ बसावी म्हणून मांडवात शिंपडलं होतं. सेटची पिन मुद्दाम उलटी लावली. टेस्टर सांगाड्याला टेकवला, लाल पेटला. मध्ये डबा ठेवला, भाऊजींचा बेंजो मांडीवर घेतला आणि दोन्ही हात तारांवर ठेवले. काही झालं नाही. मी अर्धा तास तसाच बसून वाजवत राहिलो, मला वाजवता येत नाही तरी.

मग मला पंचनामा आठवला.

बेंजोच्या तारा आणि सेट यांच्यात एक बारीक तार होती, ताई. काळी. ती मी जोडली होती. आवाजात घरघर येत होती, आणि वाजवायच्या तारा सांगाड्याला जोडल्या की घरघर बंद होते. कामाची रीत तीच आहे, कुणीही कारागीर तेच करतो, पण ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटला. मी तसल्या सेटला केलं. आवाज काचेसारखा स्वच्छ झाला, भाऊजींनी माझ्या पाठीवर थाप मारली, मला आभाळ ठेंगणं झालं. पंच यायच्या आधी ती तार मी पक्कडीने कापली आणि खिशात घातली. म्हणून कुणाला कळलं नाही की बेंजोत करंट आला कसा. सगळ्यांनी धरलं की भाऊजींनी सेटला हात लावला असेल.

ती तार अजून माझ्याकडे आहे. दीड वीतही नाही.

तू आता काय म्हणशील ते म्हण. पिन उलटी नसती लागली तर काही झालं नसतं, हेही खरंच आहे. पण तार माझी होती.

इंद्रभान


(पोस्टकार्ड)

मालेगाव
ता. १ मार्च ७६

इंद्रभानले भागिरथाचा जय भीम.

तुह्ये तिनी पत्र भेटले. डब्याचं मले काई समजत नाही. मले एकच सांग. ठिपका वर होता का खाली होता. खरं सांग.

पिन त्यायनं लावली नोती. म्या लावली. ते तारा जुळवून राह्यले होते. मले म्हने भागा पिन लाव, ठिपका वर. म्या लावली. लोकाईची गर्दी होती, माह्या हातात गान्याची पोथी होती. म्या वर लावला असं मले वाटते. पन तू पंचाले खाली होता म्हनला. तू मेकॅनिक हाय. मंग म्याच उलटी लावली असन.

चार साल झाले. म्या कोनाले सांगतलं नाही. सासूले बी नाही. म्या त्यायले मारलं असं समजून राह्यली मी.

वर होता का खाली.

भागिरथा


मंगरूळपीर,
४ मार्च १९७६

ताई,

वर होता.

ठिपका वर होता. तू पिन बरोबर लावली होतीस. मी पुन्हा लिहितो, म्हणजे तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायची वेळ आली तरी चूक होणार नाही. ठिपका वर होता.

तुझं कार्ड दुपारी आलं. मी दुकान उघडं टाकून दर्ग्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो, कशासाठी ते सांगता येणार नाही. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हणालो उद्या या. ताई, मला माहीत नव्हतं. तेव्हा मी लिंबाच्या झाडावर भोंगा बांधत होतो, पिन कुणी लावली ते मी पाहिलंच नाही. भाऊजी बोर्डाजवळ बसले होते म्हणून मी त्यांचं नाव घेतलं. मेलेला माणूस काही बोलणार नाही आणि त्याचं काही बिघडणारही नाही, असं मला तेव्हा वाटलं. ते तुझ्या डोक्यावर जाऊन बसेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. चार वर्षं तू बटण दाबलं नाहीस आणि मी लिलाबाईंना सांगत होतो की दहशत बसली असेल.

सगळं लिहितो. आरडाओरडा झाला तसा मी झाडावरून उडी मारली आणि पिन खेचली. माझ्या हातात आली तेव्हा ठिपका वर होता, माझ्या अंगठ्याखाली. भाऊजींना तुम्ही सगळे बाजूला नेत होता तेव्हा मी टेस्टरने बोर्ड तपासला. मांडवासाठी ज्या घरातून लाइन घेतली होती त्या घरच्या बोर्डात तारा उलट जोडलेल्या होत्या, जिवंत तार जिथे नको तिथे. खेड्यात असे बोर्ड घरोघर आहेत, मला माहीत होतं. माझा ठिपका माझ्या दुकानाच्या बोर्डापुरता खरा होता. मी तो सगळ्या जगासाठी खरा धरला.

आणि टेस्टर माझ्या खिशात होता, ताई. शर्टाच्या, पेनाशेजारी. सेट जोडायच्या आधी बोर्डाला टेकवायला किती वेळ लागतो? पण लोक बसले होते, लवकर करा म्हणून ओरडत होते, आणि मला माझा स्वच्छ आवाज ऐकवायचा होता.

पंचांनी विचारलं तेव्हा मी घाबरलो. दुकान जाईल, तुरुंग होईल. म्हणून ठिपका खाली होता असं सांगितलं. एका शब्दाचं काम होतं.

तुझी माफी मागायला मला तोंड नाही म्हणून मागत नाही. ठाण्यात लेखी जबाब देतो आहे, ती दीड वीत तारही सोबत देतो. पुढे जे व्हायचं ते होऊ दे. जयंतीला मांडवात सगळ्यांसमोर सांगतो. तुझ्या सासूबाईंना मी घरी येऊन सांगणार होतो, पण तुझ्या दारात यायची परवानगी नाही, म्हणून मांडवातच. तू येऊ नकोस वाटलं तर येऊ नकोस. गाण्याचं मी आता विचारत नाही.

इंद्रभान


मंगरूळपीर,
१६ एप्रिल १९७६

ताई,

तू तिथेच होतीस, तरी लिहितो. तू माझ्याशी बोलली नाहीस, म्हणून मी काय पाहिलं ते तुला माहीत नाही.

लिलाबाईंनी माइक माझ्या हातात दिला. मी घरून अर्धं पान लिहून नेलं होतं, ते खिशातच राहिलं. एवढंच बोललो की शेषरावची चूक नव्हती, पिन बरोबर लागली होती, सेट माझा वाईट होता आणि मी पंचांना खोटं सांगितलं. भोंगे चार होते, चारही बाजूंनी माझंच बोलणं माझ्या अंगावर आलं. एका पोराने माझी कॉलर धरली, लिलाबाईंनी सोडवली. त्याने धरली ते बरं केलं.

मग तुझ्या सासूबाई उठल्या. काठी टेकत मांडवाच्या मधोमध आल्या. मला वाटलं काठी बसणार. त्या म्हणाल्या, "माह्या पोराले लोकं म्हने पेला असन. घाईचा होता म्हने. तो थेंब घेत नोता रे. तुले ठावं होतं. तू तोंड शिवून बसला." एवढं बोलून त्या परत गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. काठी बसली असती तर बरं झालं असतं.

मी सामान आवरायला घेतलं होतं. पिन बोर्डातून काढली होती. तेवढ्यात तू उठलीस. तुझ्या पांढऱ्या लुगड्याचा पदर खोचलेला होता, जसा तू गाताना खोचायचीस. तू बोर्डाजवळ येऊन पिन हातात घेतलीस, उलटसुलट पाहिलीस, आणि मला न विचारता लिलाबाईंना विचारलंस, "याले ठिपका कुठी हाय?"

लिलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, याला ठिपका नाही, याला ट्रान्सफॉर्मर आहे आणि मध्ये उजेड आहे, कशीही लावली तरी चालते. बोर्डही सकाळी टेस्टरने पाहिला आहे.

तू किती वेळ पिन धरून उभी होतीस ते तुला ठाऊक नसेल. चारशे माणसं त्या पिनेकडे पाहत होती. मग तू लावलीस.

बेंजोची जागा तुम्ही मोकळी ठेवली होती. तू नुसत्या ढोलकीवर गायलीस; तुझा माइकही मी डब्यातूनच जोडला होता. पहिलं कडवं खाली गेलं, आवाज बसलेला होता. दुसऱ्यात उघडला. त्या पेनाच्या नळीला मी डांबर लावताना एक टाचणीएवढं भोक राहू दिलं होतं, दिवा चालू आहे की नाही ते कळावं म्हणून. तू वर गेलीस की तो लाल उजेड वाढायचा, तू श्वास घेतलास की स्थिर व्हायचा. मी पूर्ण वेळ त्या भोकाकडे पाहत बसलो, कारण तुझ्याकडे पाहायची हिंमत नव्हती. मी रडलो. लिलाबाईंनी पाहिलं, तुला सांगितलं असेल.

तू न बोलता गेलीस त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ठाण्यात जबाब लिहून घेतला आणि तार ठेवून घेतली, पुढचं बोलावणं अजून आलेलं नाही. तुमच्या पार्टीचा डबा लिलाबाईंकडे ठेवला आहे. सेल सहा महिन्यांनी बदलायचे. एक सांगायचं राहिलं, भाऊजींचा बेंजो मी तुझ्याकडे पाठवून देतो. इतके दिवस ठेवून घ्यायचा मला काही हक्क नव्हता.

इंद्रभान


(पोस्टकार्ड)

मालेगाव
ता. २ मे ७६

इंद्रभानले भागिरथाचा जय भीम.

बेंजो भेटला. सासूबाईनं फडक्यानं पुसला अन् खुंटीले लावला.

घरातला दिवा आता मीच लावतो. पहिल्या दिवशी सासूबाईले जवळ उभं केलं.

तू सद्या इकडं येऊ नको. सासूबाईच्या मनातलं गेलं नाही. माह्या बी मनातलं गेलं नाही. पोळा झाल्यावर ये. रिकाम्या हातानं येऊ नको. टेस्टर घेऊन ये अन् आमच्या घरातला बोर्ड पाहून दे.

भागिरथा